मान वाकडी झाली, ती औषधानं की आजारानं?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. दिवाळीपासून विहिरीतून माणसं बोलतात म्हणायचा, रात्र-रात्र जागायचा. मार्चमध्ये मनोरुग्णालयात भरती केलं, स्किझोफ्रेनिया सांगितला. तिसऱ्या दिवशी मान एका बाजूला वळली, डोळे वर लागले. माय अजून म्हणते, इंजेक्शनानंच पोरगा बिघडला. १७ दिवसांनी सुट्टी झाली. आता दिवसभर झोपतो. आवाज कमी झाले, पण आहेत. गोळ्या बंद कराव्या काय? वावरात कापसाच्या पऱ्हाट्या उपटायचं कामही पडलं आहे.
– एक बहीण, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, बंद करू नका. आधी मानेचं बोलतो, कारण मायच्या मनात तेच बसलंय. ती इंजेक्शनानंच वळली असणार, तेवढं तिचं खरं. हॅलोपेरिडॉलसारखी औषधं मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाला अडवतात. आवाज त्यामुळेच कमी होतात. पण हालचाल सांभाळणाऱ्या भागातही ते अडतं आणि स्नायू आखडतात. पहिल्या काही दिवसांत, त्यातही तरण्या पोरांना, हे जास्त होतं. प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं की बहुधा अर्ध्या तासात मान सुटते. आमच्या वॉर्डात एका आजोबांनी नातवाच्या अशाच मानेवरून लिंबू उतरवलं होतं. सिस्टरचं इंजेक्शन तोवर देऊन झालेलं. श्रेय लिंबाला गेलं!

आक्रस्ताळेपणा आणि जागरण काही दिवसांत आवरतं, आवाजांना मात्र आठवडे लागतात. चार-सहा आठवडे नेमानं गोळ्या घेऊनही फरक नसेल तर डॉक्टर औषध बदलतात. दोन औषधं हरली तरच क्लोझापिन हे औषध. त्याला सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. पहिला झटका असला तरी गोळ्या वर्ष-दोन वर्षं चालतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडणारेच माझ्याकडे पुन्हा भरती होतात.

झोपेचं डॉक्टरांना सांगा. कित्येकदा सकाळची गोळी रात्रीवर नेली की काम भागतं. गोळ्या थुंकत असेल तर महिन्याला एक घ्यायचं इंजेक्शनही मिळतं.

आता पऱ्हाट्यांचं. सुट्टीच्या कागदावर ट्रायहेक्सिफेनिडिल लिहिलंय का बघा. आखडू नये म्हणून देतात ती बारकी गोळी. तिनं तोंड कोरडं पडतं आणि घाम कमी येतो. आपल्याकडचं ४५ अंशांचं ऊन आणि घाम न येणारं अंग, उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. सकाळी नऊच्या आत जेवढं उपटून होईल तेवढं, मग सावलीत. पाण्याची बाटली सोबत.

महिना भरत आला की जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत दाखवा. मधे काही वाटलं तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे. आणि जाताना मायला सोबत न्या. भरतीच्या वेळी तिला मानेचं कोणी समजावून सांगितलेलं दिसत नाही. ते आम्हा डॉक्टरांकडून राहून गेलेलं काम आहे.