स्नायुतंतूंच्या अभ्यासाला सुरुवात करताना

जनावरांचे स्नायुतंतू मोजायला घेण्यापूर्वी एक गोष्ट पक्की समजून घ्या, अशी माझी आग्रहाची विनंती आहे: डुक्कर, गाय आणि मेंढी यांच्यात तंतूंची संख्या जन्माच्या सुमारास बहुतांशी ठरून गेलेली असते आणि पुढची वाढ मुख्यतः तेच तंतू जाड व लांब होण्याने होते, ज्यासाठी उपग्रह पेशी (तंतूंना चिकटून असलेल्या स्नायूच्या मूळ पेशी) त्यांना नवी केंद्रके पुरवत राहतात. गर्भात आधी प्राथमिक तंतू तयार होतात आणि त्यांच्या आधाराने, संख्येने कितीतरी अधिक असे, दुय्यम तंतू उभे राहतात. गाभण मादीचे पोषण कमी पडले तर फटका प्रामुख्याने या दुय्यम तंतूंना बसतो.

तंतूचा प्रकार मात्र जन्मानंतरही बदलू शकतो. हा बदल १ (संथ), २ए, २एक्स, २बी (सर्वांत वेगवान) या प्रकारांच्या साखळीत, दोन्ही दिशांनी, सहसा पायरीपायरीने होतो. त्यामुळे एकाच तंतूत दोन प्रकारचे मायोसिन (आकुंचन घडवणारे प्रथिन, ज्यावरून तंतूचा प्रकार ओळखतात) आढळले, तर नमुना बिघडला असे समजून तो टाकून देऊ नका. डुकराच्या स्नायूत संथ तंतू पुंजक्यांनी असतात, म्हणून सूक्ष्मदर्शकाच्या एकाच दृश्यक्षेत्रावरून तंतुप्रकारांची टक्केवारी काढणे मला धोक्याचे वाटते. गाईच्या बहुतेक स्नायूंत २बी सापडत नाही, तेव्हा डुकरासाठी बेतलेली वर्गवारी तिला जशीच्या तशी लावू नये.