हॉकर ८००एक्सपी घेताय? सही करण्याआधी विमान काट्यावर चढवा

तुमचा प्रश्न वाचला आणि माझी जुनी जखम पुन्हा ठणकली. तुम्ही वैमानिक, तुमच्या मालकांना जुनं हॉकर ८००एक्सपी हे छोटं खासगी जेट घ्यायचंय, कारखाना जळगावजवळ, वर्षातून दोन-तीनदा सिंगापूर. त्याऐवजी सायटेशन एक्सएलएस हे त्याहून हलकं जेट बरं का, हेही विचारलंत. दलालाच्या कागदावर ‘आठ प्रवासी, २,५०० नॉटिकल मैल’ लिहिलंय आणि सगळे तुमच्या होकाराची वाट बघताहेत. मी नेमका याच खुर्चीत बसलो होतो, आणि हो म्हणून बसलो.

आधीच सांगतो, मी हॉकरवर बरीच वर्षं उडवलंय, सायटेशन एक्सएलएसवर त्यामानाने कमी. त्यामुळे माझं मत थोडं एका बाजूला झुकलेलं असेल. शेवटचा शब्द तुमच्या विमानाच्या फ्लाइट मॅन्युअलचा. बॅलन्स्ड फील्ड, व्ही-वन वगैरे उड्डाणाचे हिशेब तुम्हाला सांगायची गरज नाही.

माझी चूक वजनाच्या कागदावर विश्वास ठेवण्याची. आमच्या विमानाचं बेसिक ऑपरेटिंग वेट, म्हणजे प्रवासी आणि इंधन सोडून उड्डाणाला तयार विमानाचं वजन, कागदावर १६,२५० पौंड होतं. ८००एक्सपीचं झिरो फ्युएल वेट, म्हणजे इंधन सोडून बाकी सगळ्या वजनाची कमाल मर्यादा, १८,४५०. म्हणजे माणसं आणि सामान मिळून उरतात २,२०० पौंड. आठ जण बॅगांसकट प्रत्येकी २३० धरले तरी १,८४०. आरामात बसतं. मीही तेच मालकांना लिहून दिलं.

विमान ताब्यात आल्यावर काट्यावर चढवलं तर १६,७९० निघालं. आधीच्या मालकाने आतली सजावट बदलली होती. जड सोफा, नवी पँट्री, सॅटेलाइट फोन. त्यानंतर विमान प्रत्यक्ष कुणी तोललंच नव्हतं, प्रत्येक बदलाचं वजन फक्त कागदावर मिळवत गेले होते. आता झिरो फ्युएल वेटपर्यंत उरले १,६६० पौंड. सिंगापूरची पहिलीच फेरी, आठ माणसं, आठांच्या बॅगा. तुम्हाला माहीत आहे की या मर्यादेवर इंधन कमी करूनही इलाज नसतो. एका माणसाला विमानतळावरून परत पाठवून एअरलाइनचं तिकीट काढावं लागलं. ते मालकांचे व्याही होते. त्या दिवसानंतर मालकांनी माझ्या कुठल्याही आकड्यावर पुन्हा पूर्ण विश्वास ठेवला नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

खरेदीपूर्व तपासणी ज्यांनी केली त्या कार्यालयाचं नाव घेत नाही. मी तेव्हाच विचारलं होतं की शेवटचं वजन कधी झालं. उत्तर आलं, ‘रेकॉर्ड पूर्ण आहे.’ नंतर फरक दाखवला तर ‘तोलणं आमच्या कामाच्या यादीत नव्हतं.’ यादी उघडून पाहिली, खरंच नव्हतं! सात महिने पत्रं लिहिली. दर वेळी नवा माणूस, दर वेळी मला पहिल्यापासून सगळं सांगायचं. लाखो रुपये फी घेऊन विमानाचा स्क्रू न् स्क्रू तपासणाऱ्या माणसांना ते विमान किती जड आहे हे बघावंसं वाटू नये, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट दलालाच्या हिशेबात नसते. लहान विमानतळावर मुक्काम असला की आपण इंजिनिअर सोबत नेतो. तो, त्याची टूलबॉक्स, कधी स्पेअर व्हील. हे सगळं त्या १,६६० मधूनच जातं.

आता जळगाव. धावपट्टी १,७०० मीटर, म्हणजे ५,५७७ फूट. ८००एक्सपीला पूर्ण २८,००० पौंडांवर, समुद्रसपाटीला, १५ अंशांना साधारण ५,००० फूट लागतात. मे महिन्यात ४४ अंशांना तिथली डेन्सिटी अल्टिट्यूड साडेचार हजार फुटांच्या आसपास जाते, म्हणजे हवा तेवढ्या उंचीवरच्यासारखी विरळ होते आणि धावपट्टी जास्त लागते. तुम्ही तिथून मुंबईपुरतंच इंधन घेऊन हलके निघाल तर जमेल, पण टाक्या भरून परस्पर लांब जायचं मालकांच्या डोक्यातून आताच काढा. पावसाळ्याचा त्रास वेगळा. चार्टर (भाड्याने उडवायच्या) परवान्यावर उतरायचं अंतर धावपट्टीच्या ६० टक्क्यांत बसवायचं, म्हणजे ३,३४६ फूट. ओली धावपट्टी धरली की ते २,९१० वर येतं. उतरायच्या अंतराचा तक्ता जुलै धरूनच काढा.

धावपट्टी लांब असली की प्रश्न मिटला असंही समजू नका. नागपूरला ३,२०० मीटर आहेत. तरी उन्हाळ्यातल्या दुपारी जड विमान घेऊन निघायचं तर एक इंजिन बंद धरून सेकंड सेगमेंटमध्ये, म्हणजे चाकं आत घेतल्यानंतरच्या चढाईत, २.४ टक्के चढ मिळायला हवा, आणि तिथे वजन कापावंच लागतं. मी मालकांना सरळ सांगायचो की लांबचं उड्डाण पहाटे. सकाळी सहाच्या आत निघालो तर दोन माणसं जास्त बसतात, हे त्यांना पटलं. मात्र लहान विमानतळ उघडा राहण्याची वेळ वाढवून घ्यायचा अर्ज आधी करा, आयत्या वेळी कुणी दाद देत नाही.

एक्सएलएसबद्दल विचारलंत. एकट्या जळगावसाठी घ्यायचं असेल तर मी तेच घेईन. २०,२०० पौंडांचं विमान, त्याच १५ अंशांना साडेतीन हजार फुटांच्या थोडं वर धावपट्टी लागते, सामानासाठी बाहेर वेगळा कप्पा. ४५,००० फुटांपर्यंत जातं, त्यामुळे पावसाळी ढगांच्या वरून जायला हॉकरपेक्षा चार हजार फूट जास्त मिळतात. पण त्याची रेंज १,८५० नॉटिकल मैलांच्या आत, आणि मुंबई-सिंगापूर २,१०० आहे. दुबई होईल, सिंगापूर नाही. हॉकरमध्ये मधली वाट खाली खचलेली नाही, जमीन सपाट आहे आणि उंची पावणेसहा फूट. वयस्कर माणसांना हा फरक फार जाणवतो.

हॉकरचं सामान आतच ठेवावं लागतं, त्यामुळे मोठ्या बॅगा आणणाऱ्यांना आधी सांगा. पंखावरचा बर्फ टाळायला त्यात टीकेएस नावाचा द्रव पंखातून पाझरतो. तो ढगात शिरण्याआधी सुरू करायचा असतो, शिरल्यावर नाही. आणि तो सगळीकडे मिळत नाही, म्हणून आमच्या हँगरमध्ये दोन डबे कायम असायचे. उन्हाळ्यात जमिनीवर केबिन थंड ठेवायला एपीयू (छोटं पूरक इंजिन) फार चालतो, त्याची तपासणी इंजिनाइतकीच काळजीने करून घ्या. इंजिनं हनीवेलच्या देखभाल योजनेत नसतील तर किंमत त्या हिशेबाने पाडून मागा. हॉकरचं उत्पादन कंपनीच्या २०१२ च्या दिवाळखोरीनंतर थांबलं. सुटे भाग मिळतात, पण वाट बघायची तयारी ठेवा.

माझं वैयक्तिक मत, चुकीचंही असू शकेल: सिंगापूर खरंच वर्षातून दोनदाच असेल तर तेवढ्यासाठी मोठं विमान चार्टरने घ्या आणि रोजच्या कामाला एक्सएलएस ठेवा.

तरीही हॉकरच ठरलं तर करारात एक ओळ घालून घ्या: विमान विक्रेत्याच्या खर्चाने तोलायचं, आणि कागदापेक्षा १०० पौंडांहून जास्त निघालं तर सौदा मोडायचा हक्क तुमच्याकडे. तोलायच्या दिवशी स्वतः हँगरमध्ये उभे राहा. टाक्या कशा रिकाम्या केल्या ते बघा, पँट्रीतली भांडी आत आहेत की बाहेर काढलीत ते बघा, आणि काट्याच्या कॅलिब्रेशनची तारीख वहीत उतरवून घ्या.