वाचकांचे प्रश्न: फिलाडेल्फियाचा नदीकाठ

प्रश्न: मी 64 वर्षांची, हे 69. मे महिन्यात सहा महिन्यांसाठी फिलाडेल्फियाला मुलीकडे चाललोय. जावई म्हणतात की घरापासून जवळच स्कूकल नदीच्या काठाने चालायचा मोठा ट्रेल आहे. साताऱ्यात आम्ही रोज सकाळी चालतो, पण माझे गुडघे दुखतात, जिने जमत नाहीत. मुलगी-जावई ऑफिसला गेल्यावर आम्ही दोघंच गेलो तर चालेल का?

उत्तर: ताई, नक्की जा, आणि पहिल्या आठवड्यातच जा, कारण तिकडे गेलेले आईवडील पहिले दोन महिने घरात बसून कंटाळतात आणि मग बाहेर पडायचं धाडसच राहत नाही असं मी फार घरांत बघते.

सेंटर सिटीत, म्हणजे शहराच्या मध्यभागी राहणार असाल तर गुडघ्यांसाठी एक गोष्ट आधी सांगते. ट्रेल आणि शहर यांच्या मधून मालगाडीचे रूळ जातात, त्यामुळे मार्केट, चेस्टनट, वॉलनट या पुलांवरून खाली उतरायला जिनेच आहेत, तिकडून जाऊच नका. रेस स्ट्रीट किंवा लोकस्ट स्ट्रीटला रूळ ओलांडून सपाट जाता येतं, आणि साउथ स्ट्रीटच्या पुलावरून उतरता रस्ता आहे, जिना नाही. कधी कधी मालगाडी येऊन फाटक बंद होतं, लांबलचक गाडी असते, अशावेळी शांतपणे थांबायचं, डब्यांमधून वाट काढणारे दिसले तरी आपण तसं करायचं नाही.

लोकस्टहून उत्तरेला म्युझियमच्या, म्हणजे शहराच्या कलासंग्रहालयाच्या दिशेने दोनेक किलोमीटर सपाट डांबरी वाट आहे, बसायला बाक आहेत, तिथून पुढे जुनं वॉटर वर्क्स, म्हणजे शहराला पाणी उपसून देणारं जुनं केंद्र, आणि मग बोटहाउस रो, म्हणजे वल्हवणाऱ्या क्लबांची जुनी घरं ओळीने. पहाटे गेलात तर पोरंपोरी लांब निमुळत्या होड्या वल्हवताना दिसतात, फार छान वाटतं. दक्षिणेला लोकस्टपासून साउथ स्ट्रीटपर्यंत बोर्डवॉक आहे, काठावर रुळांमुळे जागाच नव्हती म्हणून 2014 मध्ये चक्क नदीत खांब रोवून सुमारे 600 मीटरचा मार्ग बांधला. मला तो सगळ्यात आवडतो, दोन्ही बाजूंना पाणी आणि मागे उंच इमारती.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिथे उजवीकडून चालायचं. आपल्याला जन्मभर डावीकडची सवय, त्यात मागून सायकलवाला "ऑन युअर लेफ्ट" असं ओरडतो, आणि आपली माणसं तो डावीकडे सरक म्हणतोय असं समजून नेमकी त्याच्या पुढ्यात जातात. तो म्हणत असतो की मी तुमच्या डावीकडून पुढे जातोय, तर आहात तिथेच उजव्या कडेने सरळ चालत राहा, मागे वळून बघायचीही गरज नाही. दोघं शेजारी शेजारी चालत असाल तर त्या क्षणी एकामागे एक व्हा. साडीवर बूट घालून बिनधास्त जा, कोणी बघत बसत नाही. जून-जुलैत ऊन आणि दमट हवा दोन्ही असतात, तेव्हा सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी, उजेड साडेआठपर्यंत असतो. पाण्याची बाटली, मुलीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी आणि फोन चार्ज केलेला, बस.

मुलीचं घर शहराबाहेर असेल तर नॉरिस्टाउनला जाणारी लोकल नदीच्या काठानेच जाते. स्प्रिंग मिल स्टेशनला उतरून कॉन्शोहॉकनपर्यंत चाला, जेमतेम दोन किलोमीटर आहे, आणि तिथून ट्रेनने परत या. गुडघे साथ देत असतील तर पुढे नॉरिस्टाउनपर्यंत आणखी सहाएक किलोमीटर.

प्रश्न: मुलाकडे गेलो होतो तेव्हा हा ट्रेल पाहिला. आमच्या पुण्यात मुठेकाठी असं का होत नाही? (कर्वेनगर, पुणे)

उत्तर: तिकडे वाट सगळ्यात शेवटी आली हो, आधी पाण्याचा विचार झाला. फिलाडेल्फियाने 1815 पासून या नदीचं पाणी शहराला प्यायला उपसायला सुरुवात केली, 1822 मध्ये धरण बांधलं, आणि पाणी चांगलं राहावं म्हणून 1844 मध्ये वरच्या अंगाची लेमन हिलची जागा शहराने विकत घेतली, त्यातूनच पुढे फेअरमाउंट पार्क वाढलं. म्हणजे आज आपण ज्या झाडांखालून चालतो ती वाचली पिण्याच्या पाण्यासाठी. तरी गिरण्या, सांडपाणी आणि वरच्या कोळशाच्या खाणींनी नदीची वाट लागलीच, शेवटी 1945 नंतर राज्य सरकारने कोळशाचा गाळ उपसायचं प्रचंड काम हाती घेतलं. आजही शहराचा बराच भाग याच नदीचं पाणी पितो. पुढे रेल्वेच्या ओसाड पडलेल्या मार्गावर वाट झाली.

आपल्याकडे मुळा-मुठेचा 44 किलोमीटरचा नदीकाठ सुधारणेचा प्रकल्प काठापासून सुरू झाला, आणि नाल्यांचं पाणी अजून नदीत येतंच आहे. नाकाला रुमाल लावून मे महिन्यात कोण चालणार? माझं स्पष्ट मत आहे की आधी मैलापाणी शुद्ध करा, मग फरशा बसवा.

दुसरं, नदीला पसरायला जागा लागते. सप्टेंबर 2021 मध्ये आयडा वादळाच्या पावसाने स्कूकल 1869 नंतरच्या सगळ्यात उंच पातळीला गेली, ट्रेल पूर्ण बुडाला, मग चिखल काढला आणि लोक परत चालायला लागले. वाट बुडाली तर चालतं, घरं बुडून चालत नाहीत. 25 जुलै 2024 ला खडकवासल्याचं पाणी सोडल्यावर एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं ते तुम्हाला मी सांगायला नको, तुमच्यापासून नदीच्या पलीकडेच आहे. काठ भराव टाकून आवळला की ते पाणी कुठे जाणार, हा प्रश्न प्रत्येक सुनावणीत विचारा, लेखी विचारा.

प्रश्न: एमएससाठी आलोय, सायकल नाही. इंडेगोच्या भाड्याच्या सायकलवर व्हॅली फोर्जला जाता येईल?

उत्तर: नको रे. इंडेगोचे स्टँड शहरातच आहेत आणि ठरावीक मिनिटांनंतर पैसे वाढत जातात. कॅम्पसवर सेकंडहँड सायकल बघ. म्युझियमपासून व्हॅली फोर्ज साधारण 35 किलोमीटर, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात 1777-78 च्या हिवाळ्यात जॉर्ज वॉशिंग्टनचं सैन्य थांबलं होतं ती जागा. वाटेत मॅनायंक या भागात कालव्याकाठची जुनी वाट लागते, पूर्वी खेचरं तिथून होड्या ओढायची, पावसानंतर ती निसरडी असते तेव्हा एक दिवस जाऊ दे. त्यापुढे रेल्वेचा जुना मार्ग असल्यामुळे चढ जाणवतच नाही.

पहिल्यांदा नॉरिस्टाउनपर्यंतच जा आणि ट्रेनने परत ये, सायकल घेऊन चढता येतं, फक्त ऑफिसच्या वेळा टाळ. कायद्याने हेल्मेट बारा वर्षांखालच्यांनाच सक्तीचं आहे, तू तरी घाल. पुढचा दिवा मात्र अंधारात लागतोच, आणि नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की पाचच्या सुमाराला अंधार पडतो, त्या हिशोबाने सकाळीच निघ.