किडनी ट्रान्सप्लांटनंतर वडिलांना बुरशी येणाऱ्या घरी चवथीला न्यावं का?

तुम्ही विचारलंय की ट्रान्सप्लांटला तीनच महिने झालेत, डिचोलीच्या जुन्या घराच्या भिंतींना पावसात बुरशी धरते, तर वडिलांना चवथीला (गणेशचतुर्थीला) न्यावं का. मी फोंड्याची, लॅबमध्ये बुरशीच्या तपासण्या करते. माझं मत सांगते: यंदा मुक्कामाला नेऊ नका. दर्शनाला थोडा वेळ न्यायचं असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

ॲस्परजिलससारख्या बुरशीचे बीजाणू आपण सगळेच रोज श्वासातून घेतो. फुफ्फुसातल्या पेशी ते तिथल्या तिथे संपवतात. नवी किडनी शरीराने झिडकारू नये म्हणून दिलेली टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि स्टेरॉइड ही औषधं नेमकी ही राखणच ढिली करतात, आणि पहिल्या काही महिन्यांत त्यांचा जोर जास्त असतो.

भिंतीपेक्षा मला चवथीच्या आधीच्या साफसफाईची जास्त धास्ती वाटते. माळ्यावरून माटोळीची (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची) चौकट काढायची, जळमटं झाडायची, कुळागरातला (सुपारीच्या बागेतला) कुजका पाला तुडवत पानं-फळं आणायची. बीजाणू खरे उडतात ते तेव्हा. वडील हौसेने उठतील, त्यांना हात लावू देऊ नका. भिंतीही त्यांच्यासमोर खरवडू नका.

2021 मध्ये कोविडनंतरच्या म्युकरचे, म्हणजे ‘काळ्या बुरशी’चे, नमुने तपासले. नाकातला काळपट तुकडा काचपट्टीवर पोटॅशच्या द्रावणात ठेवायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली रिबिनीसारखे रुंद, काटकोनात फाटे फुटलेले धागे दिसायचे. दिसले की रिपोर्ट टाइप होण्याची वाट न बघता मी आधी वॉर्डात फोन करायचे, कारण तिथे तासातासाने फरक पडतो. त्यातले बरेच जण मधुमेहाचे आणि स्टेरॉइड घेतलेले होते. ट्रान्सप्लांटनंतरही स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमसने साखर चढते, म्हणून ती तपासत राहा.

अशा माणसाला मोठा संसर्ग असूनही ताप किरकोळच येऊ शकतो. बारीक ताप, कोरडा खोकला, दम लागणं, थुंकीत रक्त, न थांबणारी डोकेदुखी, गालाला बधिरपणा किंवा एका बाजूची सूज, अंधुक दिसणं, यातलं एक जरी जाणवलं तरी त्याच दिवशी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन करा. फार्मसीतून बुरशीची गोळी आणून देऊ नका. फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल यांनी रक्तातलं टॅक्रोलिमस वाढतं आणि नव्या किडनीलाच इजा होऊ शकते. को-ट्रायमोक्सॅझोल चालू असेल तर ‘आता बरं आहे’ म्हणून मनाने बंद करू नका. न्यूमोसिस्टिस या बुरशीचा न्यूमोनिया होऊ नये म्हणून ती गोळी दिलेली असते.