परींचा पहिला ओरॅकल डेक: गोड पऱ्या घ्याव्यात की दात असलेल्या?

तुम्ही विचारलंय की परींची थीम असलेला ओरॅकल डेक, म्हणजे मनातल्या प्रश्नासाठी एखादं कार्ड काढून बघायचा चित्रांच्या कार्डांचा संच, घ्यायचा आहे, पण ऑनलाइन शेकड्यांनी दिसतात आणि सगळ्यांनाच पाच तारे. मग जी माणसं असे डेक जमवतात त्यांचं खरं मत काय, आणि पहिला कोणता घ्यावा?

मी १४ वर्षं डेक जमवते आहे. आज घरात ३६ आहेत, त्यातले ११ परींचे. नोकरी पुण्यात एका छापखान्यात, प्री-प्रेसला. छपाईआधीची फाइल, रंग, प्लेट, सगळं माझ्या नजरेखालून जातं. त्यामुळे माझं अर्धं मत चित्रं बघणाऱ्या बाईचं आहे आणि अर्धं कागद हाताळणाऱ्या बाईचं. एक आधीच सांगते. कार्डांवरून भविष्य कळतं असं मी मानत नाही. पण एक चित्र समोर धरून त्याच्याकडे शांतपणे बघत बसलं की मनात अडकलेलं काहीतरी मोकळं होतं, हे मी कितीतरी वेळा अनुभवलंय आणि त्याची मला किंमत आहे.

थेट उत्तर: ब्रायन फ्राउड या चित्रकाराचा 'द फेअरीज ओरॅकल' घ्या. २००० साली आलेला, ६२ कार्डांचा, सोबतचं पुस्तक जेसिका मॅकबेथचं. हाच का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

टॅरो, म्हणजे भविष्य बघायला वापरतात त्या जुन्या पद्धतीच्या कार्डांचा साचा ठरलेला आहे: ७८ कार्डं, त्यांचे गट, त्यांचा क्रम. चित्रकाराला त्या चौकटीत राहून काढावं लागतं. ओरॅकलला अशी चौकट नाही. किती कार्डं, कोणते विषय, सगळं करणाऱ्याच्या मर्जीवर. त्यामुळे ओरॅकल डेक चित्रकारावर उभा राहतो किंवा चित्रकारावरच कोसळतो. परींच्या डेकमध्ये तर हे जास्तच, कारण 'परी' म्हटल्यावर चित्रकाराच्या डोळ्यांपुढे काय येतं, तिथेच डेकचं नशीब ठरतं.

इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडच्या लोककथांतल्या मूळच्या परी गोड नव्हत्या. त्यांना पंखही नव्हते. मान राखला तर रात्रीतून घरकाम उरकून जाणार, नाही राखला तर दूध नासवणार, पाळण्यातलं मूल उचलून त्या जागी आपलं किरकिरं पोर ठेवणार. लोक त्यांचं नाव घेत नसत. 'भली माणसं', 'चांगले शेजारी' असं म्हणत. पाळण्यावर लोखंडी कात्री टांगत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अजिबात परकं वाटलं नाही. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवतात, रात्री सापाला 'लांबडं' म्हणतात, विहिरीवरच्या साती आसरांचा मान चुकवायचा नाही म्हणतात. भीती आणि आदर एकाच ताटात वाढलेला. फुलपाखराचे पंख परींना चित्रकारांनी दिले, साधारण अठराव्या शतकाच्या अखेरीपासून. मग व्हिक्टोरियन काळात त्या लहान होत गेल्या, फुलांवर बसू लागल्या. १९२३मध्ये सिसिली मेरी बार्करची 'फ्लॉवर फेअरीज'ची पहिली पुस्तिका आली. तिने बहिणीच्या बालवाडीतली मुलं समोर बसवून ती चित्रं काढली होती. ती चित्रं सुंदरच आहेत, त्यातलं प्रत्येक फूल ओळखता येतं. पण तेव्हापासून 'परी म्हणजे गोंडस मूल' ही कल्पना पक्की झाली.

जमवणाऱ्यांचे दोन गट इथेच पडतात. एकाला धीर देणारी परी हवी असते. दुसऱ्याला अशी हवी असते की जिच्यासमोर खोटं बोलायची हिंमत होऊ नये. मी दुसऱ्या गटातली.

फ्राउड या गटाचा आधार. इंग्लंडमध्ये डेव्हन भागात, डार्टमूरच्या माळरानाजवळ तो राहतो, आणि त्याच्या चित्रांत तिथला दगड, शेवाळ, ओली माती दिसते. 'द डार्क क्रिस्टल' (१९८२) आणि 'लॅबिरिंथ' (१९८६) या चित्रपटांतल्या प्राण्या-भुतांची मूळ कल्पनाचित्रं त्याचीच. पत्नी वेंडी बाहुल्या घडवणारी, आणि 'लॅबिरिंथ'मधलं पळवून नेलेलं बाळ म्हणजे या दोघांचा मुलगा टोबी. पळवलेल्या बाळाची ती लोककथा या कुटुंबाने किती जवळ धरली होती बघा.

त्याच्या कार्डावर रंग मातकट. मुख्य चेहरा दिसतो, मग दहा मिनिटांनी कळतं की केसांच्या बटेत दुसरा चेहरा आहे आणि कोपऱ्यातल्या मुळांतून तिसरा आपल्याकडे बघतोय. हा डेक माझ्याकडे आला त्या वर्षी माझी रत्नागिरीची आत्या आमच्याकडे राहायला होती. मी टेबलावर कार्डं पसरली होती. आत्याने चष्मा लावला, एक उचललं, बराच वेळ बघितलं, मग ते पालथं ठेवून म्हणाली, "हे आपल्याकडचंच दिसतंय गं. तिन्हीसांजेला नको बघायला." तिला इंग्रजी वाचता येत नाही. चित्राने तिला जे सांगितलं, तेच फ्राउडला सांगायचं होतं असं मला आजही वाटतं.

या डेकमध्ये 'ग्लूमिनस डूम' नावाचं एक कार्ड आहे. सगळं वाईटच होणार, असा घोर लावत बसणारी परी. जमवणाऱ्यांत हे कार्ड फार लाडकं, कारण गोड डेकमध्ये अशा परीला जागाच नसते. वडिलांच्या ऑपरेशनच्या आधी मी एक कार्ड काढलं आणि हेच आलं. घाबरायला हवं होतं. पण मी त्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि लक्षात आलं की गेले चार दिवस माझा चेहरा अस्साच आहे. उठून चहा केला आणि दादाला फोन लावला.

तक्रारीही सांगते. कार्डं पत्त्यांपेक्षा मोठी आहेत, लहान हाताला पिसायला जड जातात. बरीच चित्रं फ्राउडच्या १९९८च्या परींवरच्या पुस्तकातली आहेत, त्यामुळे ते पुस्तक ज्यांच्याकडे आहे त्यांना नवं कमी मिळतं, आणि काही चित्रं कार्डाच्या आकारात बसवताना कापली गेलीत. चित्रांचं काम करणाऱ्या माणसाला ते कापणं बोचतं. शिवाय काहींना एवढी गर्दी सोसत नाही. त्यांनी २०१०चा 'हार्ट ऑफ फेअरी ओरॅकल' बघावा. ब्रायन आणि वेंडी दोघांचा, ६८ कार्डांचा, नातेसंबंधांकडे झुकलेला. जरा मऊ आहे, पण खोटा नाही.

डोरीन व्हर्च्यू या लेखिकेचे डेक तुम्ही पाहिलेच असतील. २००१चा 'हीलिंग विथ द फेअरीज' आणि २००८चा 'मॅजिकल मेसेजेस फ्रॉम द फेअरीज', दोन्ही ४४ कार्डांचे. संदेश कार्डावरच छापलेला. मला नेमकं तेच खटकतं. शब्द आधी वाचला जातो आणि चित्र नुसतं मागचा पडदा होऊन बसतं. पण माझ्या ओळखीतल्या तिघींनी याच डेकने सुरुवात केली, आणि वाईट दिवसांत त्या कार्डांनी त्यांना धरून ठेवलं. ते मी हलकं लेखणार नाही. पुढे २०१७मध्ये व्हर्च्यूबाईंनी बाप्तिस्मा घेतला, जुन्या कामाकडे पाठ फिरवली आणि आपले डेक वापरू नका असं जाहीरपणे सांगितलं. जमवणाऱ्यांमध्ये तेव्हापासून मतभेद आहेत. काहींनी डेक देऊन टाकले. काही म्हणतात, चित्रकारांनी मनापासून काढलेली चित्रं लेखिकेचं मन बदललं म्हणून खोटी ठरत नाहीत. मला हे दुसरं म्हणणं पटतं.

चित्रकार जॅस्मिन बेकेट-ग्रिफिथच्या परी तुम्ही नाव न ऐकताही ओळखाल: प्रचंड मोठे, पाणावलेले डोळे. लुसी कॅव्हेंडिशच्या लेखनासह तिचा 'ओरॅकल ऑफ शॅडोज अँड लाइट' २०१०चा, ४५ कार्डांचा. यावर मतं टोकाची. डोळे बाहुलीसारखे, सगळ्या एकाच घरातल्या बहिणी वाटतात, ही टीका खरी आहे. तरी हा डेक मी जपला आहे, कारण त्या मुली दुःखी आहेत आणि ते दुःख लपवत नाहीत. कॅव्हेंडिशचाच, सेलिना फेनेकच्या चित्रांचा 'वाइल्ड विस्डम ऑफ द फेअरी ओरॅकल' जास्त हिरवा, जास्त उजेडाचा. दोन टोकांच्या मधलं काही हवं असेल तर तो बघा.

ॲना फ्रँकलिन आणि पॉल मेसनचा २००२चा 'द फेअरी रिंग' हा ६० कार्डांचा डेक. ओरॅकल असूनही त्याला ऋतूंचे चार गट आणि आठ सणांची कार्डं असा बांधा आहे. अभ्यासूंना तो आवडतो. मला त्यातले फोटोवरून केल्यासारखे चेहरे कधीच परी वाटले नाहीत.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसले ते. नकली डेक. आपल्याकडे ३०० ते ६०० रुपयांत 'इम्पोर्टेड' म्हणून जे विकलं जातं त्यातलं पुष्कळसं चोरीचं असतं. मीही फसले आहे. एका विक्रेत्याकडून ४५० रुपयांना मोठ्या डोळ्यांच्या परींचा डेक मागवला. पातळ पुठ्ठ्याची, वरून उघडणारी डबी आली. आत पुस्तिका नाही, एका कार्डावर क्यूआर कोड. त्याच संध्याकाळी ऑफिसमधलं भिंग घरी आणलं आणि मैत्रिणीच्या अस्सल डेकमधलं तेच कार्ड शेजारी ठेवलं. अस्सल कार्डावर काळी अक्षरं एकसंध काळ्या शाईची, कड चाकूने कापल्यासारखी. नकलीवर तीच अक्षरं निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांनी बनलेली, कडा फुटलेल्या. कारण सरळ आहे: ज्याच्याकडे मूळ फाइल नाही तो छापलेलं कार्ड स्कॅन करतो, आणि स्कॅनरला अक्षर आणि चित्र यातला फरक कळत नाही, तो सगळ्याचेच ठिपके करतो. चित्रातही मूळचे ठिपके आणि नवे ठिपके एकमेकांवर येऊन जाळी पडते. परीच्या गालावर ती जाळी बघून मला रडू आलं होतं. कुणीतरी त्या गालावर कित्येक तास घालवले असतील.

भिंग नसेल तर बोटांनीही कळतं. चांगल्या डेकचा कागद साधारण ३०० ते ३५० जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असतो. कार्ड हलकंच वाकवून सोडलं की ते ताठ परत यायला हवं. नकली अर्धवट वाकलेलंच राहतं, आणि पिसताना लॅमिनेशन कोपऱ्यांतून सुटायला लागतं. सोनेरी कडांना मात्र भुलू नका, त्या आता नकलीलाही असतात. अस्सल डेकच्या सोनेरी कडा नव्या असताना एकमेकींना चिकटतात. एकेक कार्ड अलगद सुटं करा, गठ्ठा जोरात पिसलात तर वर्ख बोटांना येतो.

आणखी एक गोष्ट गेल्या दोन-तीन वर्षांतली. एआयने बनवलेले डेक. परींच्या थीमला याचा सर्वात जास्त फटका बसलाय, कारण पंख, फुलं आणि धुकं असलं की चुका झाकल्या जातात. जमवणारे आता तीन ठिकाणी आधी बघतात. पंख पाठीला नक्की कुठे जोडलेत? दोन्ही पंखांच्या शिरा जुळतात का? आणि चाळीस कार्डांवर तोच एक चेहरा फिरतोय का? डब्यावर चित्रकाराचं नावच नसेल तर मी पुढे काही बघतच नाही.

फ्राउडचा डेक नवा मिळाला नाही तर जुना घ्यायला हरकत नाही. आमच्यात डेक एकमेकांकडून बदलून घेतात आणि वापरून मऊ झालेल्या कडांचं कुणाला वाईट वाटत नाही. फक्त विक्रेत्याला ६२ कार्डं मोजून, पसरून फोटो पाठवायला सांगा, आणि पुस्तक सोबत आहे ना हे विचारा. पुस्तकाशिवाय घेऊ नका. मॅकबेथचं लेखन या चित्रांचा अर्धा जीव आहे.

ज्याच्याकडून घेणार असाल त्याला कार्डाच्या खालच्या अक्षरांचा अगदी जवळून, उजेडात काढलेला एक फोटो मागा आणि पैसे द्यायच्या आधी तो या उत्तराखाली टाका. मी रोज रात्री बघते, ठिपके दिसले तर लगेच सांगेन.