वाचकांचे प्रश्न: जुना सर्फबोर्ड घेऊ का, आणि नागपुरात दुरुस्त होईल का?

प्रश्न: नमस्कार दादा, मागच्या हिवाळ्यात गोव्याला सर्फिंग शिकलो आणि तेव्हापासून डोक्यातून जाऊनच नाही राहिलं. आता तिथल्या एका ओळखीच्यानं जुना बोर्ड विकायला काढलाय, सात फूट दोन इंच, खाली तीन फिन म्हणजे पंख असलेला, सहा हजार म्हणतो. फोटोत पिवळा पडलेला दिसतो, शेपटीजवळ भेग आहे आणि भेगेभोवती चहा सांडल्यासारखा डाग. हिंगण्याला कूलरच्या फायबर बॉड्या बनवणारे एक भाऊ ओळखीचे आहेत, ते म्हणतात आणा, एका दिवसात करून देतो. घेऊ का? आणि समुद्रावर न्यायचा कसा?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर: पिवळा आहे म्हणून सोडू नका. आतल्या पीयू म्हणजे पॉलियुरेथेन फोमला वर्षानुवर्षं ऊन लागलं की तो पिवळा पडतोच, त्यानं बोर्ड वाईट होत नाही, आणि कृपा करून त्याच्यावर पांढरा पेंट मारून नवा दाखवायच्या भानगडीतही पडू नका, जुन्या बोर्डाचा तो रंग मला तरी फार आवडतो. काळजी आहे ती त्या डागाची. डाग म्हणजे पाणी आत गेलंय आणि बरेच दिवस तिथंच मुरलंय.

पैसे द्यायच्या आधी त्याला व्हिडिओ कॉल करा आणि डागाच्या आजूबाजूला अंगठ्यानं दाबायला सांगा. वरचं फायबरचं कवच खाली जाऊन परत वर आलं तर ते फोमपासून सुटलंय. मग बोटाच्या पेरानं टकटक करत डागापासून मधल्या लाकडी पट्टीपर्यंत, म्हणजे स्ट्रिंगरपर्यंत यायला सांगा, जिथं कवच सुटलंय तिथं आवाज एकदम पोकळ येतो, फोनवरही कळतो. तळहाताएवढी जागा असेल तर घ्या, भाव करून चार हजारात घ्या. पण बोर्डाच्या मधोमध एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवी सुरकुती असेल तर फुकट दिला तरी नको, तो बोर्ड एकदा वाकलेला आहे आणि लाटेत तिथंच तुटणार.

जुना म्हणजे किती जुना, तर तीन सारख्या फिनचा बोर्ड ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसननं १९८० मध्ये बनवला आणि १९८१ ला बेल्स बीचची स्पर्धा त्याच्यावर जिंकली, तेव्हा तुमचा त्याच्या नंतरचाच. फिन काढता येत असतील तर बहुतेक १९९० नंतरचा.

आता हिंगण्याच्या भाऊंचं. त्यांचा हात चांगला असेल यात शंका नाही, पण बोर्डाच्या आत काय आहे हे कळेपर्यंत त्यांना रेझिन, म्हणजे फायबरचं कापड घट्ट बसवणारं चिकट रसायन, लावू देऊ नका. कूलरला वापरतात ते पॉलिस्टर रेझिन, त्यात स्टायरीन नावाचं द्रावक असतं, आणि बोर्ड जर ईपीएसचा म्हणजे थर्माकोलचा असेल तर ते स्टायरीन आतला फोम डोळ्यादेखत विरघळवतं, खड्डा पडत जातो आणि मग काहीच करता येत नाही. भेगेत नखानं थोडं खरवडून पहा: गोल गोल दाणे सुटले तर ईपीएस, बारीक पिवळसर भुकटी निघाली तर पीयू. पीयूला पॉलिस्टर चालतं, एपॉक्सी हे दुसऱ्या जातीचं रेझिन दोन्हीला चालतं. तरीही खात्री नसेल तर सरळ एपॉक्सी घ्या, महाग पडतं पण फोमला धोका नाही, फक्त हार्डनरचं म्हणजे रेझिन घट्ट करणाऱ्या रसायनाचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच ठेवायचं, लवकर वाळावं म्हणून वाढवायचं नाही.

पॉलिस्टरच वापरणार असाल तर एक गोष्ट नीट वाचा. दुकानात रेझिनसोबत दोन बाटल्या मिळतात, कोबाल्ट, म्हणजे घट्ट व्हायला वेग देणारं रसायन, आणि एमईकेपी नावाचा हार्डनर. या दोन्ही एकमेकांत थेट कधीच मिसळू नका, भडका उडतो, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर, शंभर ग्रॅमला एक ते दोन ग्रॅम, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये एकच, नाहीतर ब्रश फिरवायच्या आत डब्यातच गोळा होईल. डोळ्यावर गॉगल हवाच, एमईकेपीच्या थेंबानं डोळा जाऊ शकतो.

एका दिवसात मात्र होत नाही. आधी पाय घसरू नये म्हणून बोर्डावर लावलेलं जुनं वॅक्स काढा, पाच-दहा मिनिटं उन्हात ठेवून प्लास्टिकच्या पट्टीनं. मग भेग उघडी करून तपकिरी मऊ फोम कापून टाका आणि भेगेची बाजू खाली करून बोर्ड सावलीत पंख्याखाली उभा करा, दोन-तीन आठवडे, वजनकाट्यावर वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत. नागपूरची कोरडी हवा इथं खरंच कामाची आहे, गोव्यात हेच वाळायला कितीतरी जास्त वेळ लागतो. ओलं असताना वरून बंद केलं तर आतलं पाणी कवच परत उचलतं. नंतर रेझिनमध्ये मायक्रोबलून, म्हणजे पोकळ कणांची हलकी पावडर, कालवून खड्डा भरा, घासून समान करा, वर कापडाचे दोन थर, दुसरा पहिल्यापेक्षा इंचभर मोठा. कापड म्हणजे विणलेलं, १३५ ते २०० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम), कूलरला लावतात ती केसाळ मॅट नको, ती रेझिन पिते आणि बोर्ड जड करते. पॉलिस्टर हवेत चिकट राहतं, म्हणून वर पारदर्शक प्लास्टिक शीट दाबून ठेवा. शेवटी १२०, २२० आणि ४०० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर. घासताना मास्क लावा, घरातली लहान मुलं लांब ठेवा.

न्यायचं म्हणाल तर विशाखापट्टणम धरा, समता एक्सप्रेस नागपूरवरून जाते आणि तिकडे ऋषिकोंडा बीचवर सर्फिंग चालतं. फिन काढून नाक-शेपटीला जाड बबल रॅप बांधा, आणि बोर्ड चढणार कसा हे आधी पार्सल ऑफिसात विचारून या. स्टेशनवर किंवा गाडीच्या टपावर उन्हात ठेवू नका, आतली हवा फुगून कवच सुटतं, ईपीएसला तर फार लवकर. वॅक्स किनाऱ्यावर पोचल्यावरच लावा, गरम पाण्यासाठीचं ट्रॉपिकल मिळतं ते.