कास धुतली, तरी दूध नापास का?

प्रश्न : आमच्या पाच संकरित गाई पावसाळ्यात शेणाने माखतात. धार काढण्याआधी पाइपने कास भरपूर धुतो, दूध फडक्यातून गाळतो. तरी दूध संस्थेत मिथिलीन ब्लू चाचणीत (दुधात निळा रंग घालतात; जंतू जितके जास्त, तितका तो लवकर जातो) निळा रंग तासाभरात जातो. कुठे चुकतं?
— एक वाचक, सत्तरी (गोवा)

उत्तर : पाइपच नडतोय. वरून सोडलेलं पाणी मांड्यांवरचं शेण सोबत घेऊन सडांवर उतरतं आणि धार काढताना टोकाला लोंबणारा तो मळकट थेंब थेट चरवीत पडतो. फडक्यात शेणाचा कण अडकतो, जंतू मात्र दुधाबरोबर खाली जातात; दुधाच्या उबेत ते भराभर वाढतात. चांगल्या दुधाचा निळा रंग पाच तास किंवा अधिक टिकतो.

कास कोरडीच ठेवा, स्वच्छ करायचे ते सड. सुकलेलं शेण पुसा. प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा काळ्या ताटलीत घ्या, जमिनीवर नको. गुठळ्या किंवा पाणचट दूध दिसलं तर कासदाह (जंतूंमुळे कासेला येणारी सूज) समजा. ती गाय शेवटी पिळा, तिचं दूध वेगळं ठेवा. मग सड 0.5 टक्के आयोडीनच्या द्रावणात पूर्ण बुडवा, 30 सेकंद थांबा आणि नीट पुसा, नाहीतर आयोडीन दुधात उतरतं. प्रत्येक गाईला वेगळं, धुऊन वाळवलेलं फडकं हवं. पोटॅशच्या (पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्याच्या) एकाच बादलीतलं फडकं पाचही गाईंना फिरवलं, तर एकीचा कासदाह पाचजणींना लागू शकतो. शेवटी सडाच्या टोकावर पांढरा कापूस फिरवा. तपकिरी डाग आला तर पुन्हा पुसा. सडाला हात लागल्यापासून मिनिट-दीड मिनिटात धार सुरू करा. पान्हा जेमतेम पाच-सात मिनिटं टिकतो.

धार संपली की सड पुन्हा बुडवा, यावेळी पुसू नका. सडाचं भोक अर्धा-पाऊण तास उघडं असतं, तेव्हा गाय ओल्यात बसता कामा नये. गव्हाणीत ताजी वैरण टाका, ती उभी राहील.

खरं मूळ जमिनीत आहे. आपल्याकडचा जांभा दगड सच्छिद्र, मूत मुरतं आणि जून ते सप्टेंबर वाळतच नाही. खरबरीत सिमेंट करून घ्या, गटाराकडे 40 फुटांना 1 फूट उतार द्या. ओला लाकडी भुसा काढून कोरडं भाताचं गवत अंथरा. शेपटीचा गोंडा आणि कासेवरचे केस कातरा. एवढ्याने फरक दिसतो.

कॅन आधी साध्या पाण्याने विसळा, मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासा. उलट केलं तर दुधाचा थर आत घट्ट बसतो. कॅन पालथा घालून वाळवा, पुसू नका.